राखीव ताकदीला हात घालण्याआधी

२०१६ मध्ये भारतात आलेली स्कोडा सुपर्ब १.८ लिटरच्या पेट्रोल टर्बो इंजिनासह दोन गिअरबॉक्समध्ये मिळत होती. दोन्हींची कमाल शक्ती सारखीच, १८० पीएस. टॉर्क मात्र वेगळा होता. मॅन्युअल गाडीला ३२० न्यूटन मीटर आणि सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकला २५०. इंजिन एकाच घराण्यातलं, टर्बो त्याच कामाचा, आणि तरी ७० न्यूटन मीटरचा फरक. तो फरक संगणकात भरलेल्या आकड्यांनी पाडला होता.

रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून देण्याची सेवा, विकणारा या दोन आकड्यांवरून एकच निष्कर्ष काढतो : कंपनीने ताकद दाबून ठेवली आहे, आपण ती मोकळी करू. खरं कारण गिअरबॉक्समध्ये आहे. डीक्यू२०० या नावाने ओळखला जाणारा तो सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आहे. कंपनीने इंजिनाचा टॉर्क त्या मर्यादेला नेमका टेकवून थांबवला. ऑटोमॅटिक सुपर्बमधली ती ७० न्यूटन मीटर पडून राहिलेली नव्हती, ती क्लचच्या आयुष्यासाठी सोडलेली होती.

माझं म्हणणं इतकंच आहे. कारखान्यातून आलेल्या मॅपमध्ये जी ताकद वापरलेली दिसत नाही, ती बहुतेक वेळा आधीच कुणाच्या तरी नावावर लिहिलेली असते. खराब पेट्रोलच्या, मे महिन्यातल्या दुपारच्या, लाख किलोमीटर झालेल्या इंजिनाच्या, किंवा क्लचच्या. रिमॅप करताना आपण ती कुणाच्या वाट्यातून उचलतो हे मालकाला सांगितलं जात नाही. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात आज स्टेज १, म्हणजे कोणताही भाग न बदलता केलेला रिमॅप, करून घेणं टायर बदलण्याइतकं सोपं झालं आहे. लॅपटॉप जोडायचा, तासा-दोन तासांत नवी फाइल चढते, गाडी बाहेर. या सोपेपणाचीच मला काळजी वाटते.

आधी इंजिनाचा संगणक काय करतो ते पाहू. पूर्वी अॅक्सिलरेटरची वायर थेट थ्रॉटल उघडत असे. आता पेडल दाबल्यावर संगणकाला फक्त मागणी कळते, की ड्रायव्हरला इतका टॉर्क हवा आहे. तेवढ्या टॉर्कसाठी सिलिंडरमध्ये किती हवा भरावी लागेल, त्यासाठी टर्बोने किती दाब द्यायचा, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी किती अंश आधी पाडायची, हे सगळं तो तक्त्यांमधून काढतो. एका कडेला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या कडेला भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. या तक्त्यांच्या वर मर्यादांचा आणखी एक थर असतो. हवा तापली तर इतका टॉर्क कमी, उंचीवर गेलात तर इतका बूस्ट कमी, गिअरबॉक्सने नको म्हटलं तर आणखी कमी. रिमॅप म्हणजे तक्त्यांतले आकडे वाढवणं आणि या मर्यादा वर सरकवणं. सरकवल्याशिवाय वाढवलेले आकडे लागूच होत नाहीत.

चाकणला तयार होणाऱ्या कुशाक आणि टायगुनमधलं १.० लिटरचं टीएसआय इंजिन घ्या. तीन सिलिंडर, ९९९ सीसी, १७८ न्यूटन मीटर. टॉर्क आणि सीसी माहीत असले की पिस्टनवर सरासरी किती दाब काम करतो हे साध्या गणिताने काढता येतं. इथे तो सुमारे २२ बार येतो. लहान इंजिनासाठी हा आकडा मुळातच मोठा आहे. या इंजिनाला स्टेज १ वर २२० ते २३० न्यूटन मीटर सांगितले जातात. २३० धरले तर तोच सरासरी दाब २९ बारवर जातो. म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेड गॅस्केट यांच्यावरचा भार जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढला आणि त्यांतला एकही भाग बदललेला नाही. जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरांत असते, पण रॉड वाकवतो तो टॉर्क, आणि तोही कमी फेऱ्यांवरचा. ६००० फेऱ्यांवरची दहा-पंधरा पीएसची वाढ इंजिन एक वेळ सोसेल. १८०० फेऱ्यांवर पन्नास न्यूटन मीटर वाढवणं ही फार वेगळी गोष्ट आहे.

याच कमी फेऱ्यांत थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांचा एक खास आजार आहे. साधारण १५०० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान, भार जास्त असताना, ऑइलचा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दाब त्याला खाली ढकलतो. नेहमीचं नॉकिंग झालं तर नॉक सेन्सर ते ऐकतो, संगणक ठिणगी काही अंश मागे घेतो आणि इंजिन वाचतं. इथे पेट ठिणगीमुळे घेतलेलाच नसतो, त्यामुळे ठिणगी मागे घेऊन काही उपयोग होत नाही. अशा एकाच घटनेत पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. आजार इतका गंभीर की त्याच्यासाठी इंजिन ऑइलची प्रमाणकं बदलावी लागली. २०१८ चं एपीआय एसएन प्लस आणि २०२० चं एसपी ही त्यातूनच आली.

आता बोरघाट आठवा. पुढे कंटेनर, गाडी चौथ्या गिअरमध्ये, इंजिन १६००-१७०० फेऱ्यांवर, शेजारची लेन मोकळी झाली म्हणून पेडल पूर्ण दाबलं. कंपनीचा मॅप या जागी टॉर्क जपून, चढत्या क्रमाने देतो. रिमॅप केलेली गाडी याच जागी पाठीत धक्का देते, आणि ज्याला आपण कौतुकाने पिकअप म्हणतो तो हाच धक्का. ग्राहकाला तो पहिल्याच चाचणी फेरीत जाणवावा लागतो, म्हणून फाइल लिहिणाऱ्याला सगळ्यात धोक्याच्या जागी सगळ्यात जास्त टॉर्क भरण्याचा मोह होतो. असा मोह आवरणारे ट्यूनर आहेत. कमी फेऱ्यांवर ते मुद्दाम हात आखडता घेतात, आणि त्यांची गाडी पहिल्या फेरीत थोडी सौम्य वाटते. माझ्या मते तीच निवडण्यासारखी.

पेट्रोलचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि आपल्याकडे त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. बऱ्याच फाइली बाहेर लिहिलेल्या असतात, युरोपात किंवा अमेरिकेत. युरोपातलं साधं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं आणि वरच्या दर्जाचं ९८ चं. अमेरिकेत पंपावर ९१ किंवा ९३ लिहिलेलं दिसतं, पण तो आकडा वेगळ्या मोजपट्टीचा आहे. अमेरिकी पंपावर दोन चाचण्यांची सरासरी छापतात, युरोपात आणि भारतात फक्त रिसर्च ऑक्टेन म्हणजे रॉन. अमेरिकेतलं ९१ आपल्या मोजपट्टीवर ९५-९६ च्या आसपास बसतं. २० टक्के इथेनॉल येण्याआधीचं आपलं बीएस६ चं ९१ रॉन पेट्रोल अमेरिकेत मोजलं असतं तर जेमतेम ८७ भरलं असतं. ९१ ऑक्टेनसाठी लिहिलेली अमेरिकी फाइल ९१ रॉनवर चालवणं म्हणजे चार-पाच ऑक्टेन कमी असलेल्या पेट्रोलवर ठिणगी तेवढीच आधी पाडणं. नॉक सेन्सर सांभाळून घेईल असं सांगितलं जातं. सेन्सर सांभाळतो हे खरं, पण तो अपघातासाठी ठेवलेला आहे, प्रत्येक चढावर रोजच्या कामाला जुंपण्यासाठी नाही.

मग २० टक्के इथेनॉल आलं. सरकारी निवेदनानुसार त्यामुळे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९५ पर्यंत जातो, आणि नॉकिंगच्या दृष्टीने ही चांगली बाब आहे. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साडेचौदा भागांहून थोडी जास्त हवा लागते, इथेनॉलला नऊ भाग. उलट बाजूने पाहिलं तर तेवढ्याच हवेसाठी ई२० पेट्रोल वजनाने आठ-नऊ टक्के जास्त सोडावं लागतं. कंपनीच्या मॅपवर इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप यांच्याकडे तेवढी शिल्लक असते. रिमॅपने हवाच वीस-तीस टक्के वाढवलेली असेल, तर शिल्लक आधीच संपलेली असते. वरच्या फेऱ्यांवर पंप मागे पडतो, मिश्रण सुकं होत जातं, तापमान चढतं. कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर तपासलेली परदेशी फाइल रत्नागिरीच्या पंपावरचं पेट्रोल टाकून तशीच चालेल हे गृहीत धरायला कोणताही आधार नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्या शहरांत, मोजक्या पंपांवर मिळतं. गणपतीला गावी निघालेला माणूस मिळेल ते भरतो, आणि त्याने तसं भरावं हेही बरोबरच आहे. मॅपने त्याला साथ द्यायला हवी.

रिमॅपनंतर डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, काढलेला आलेख भिंतीवर लावला जातो. पण डायनोवरची एक खेच काही सेकंदांची असते, बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा. चंद्रपूरच्या ४५ अंशांत तासभर चालून आलेली, एसी लावलेली, पाच माणसं बसलेली गाडी त्या आलेखात नसते. या १.० लिटर इंजिनाचा इंटरकूलर पाण्याने थंड होणारा आहे. शहरात तो छान काम करतो, पण लागोपाठ चढावर त्याचं पाणीच तापतं आणि पुन्हा थंड व्हायला वेळ घेतं.

उंचीचा हिशेब तर कुणी करतच नाही, आणि पुण्या-मुंबईहून दर उन्हाळ्यात किती गाड्या लडाखला जातात! समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण एक बार. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तो ०.६६ च्या आसपास. इंजिनाला २.२ बार निरपेक्ष दाब हवा असेल तर मुंबईत टर्बोने हवा २.२ पट दाबायची, लेहला ३.३ पट. तेवढं दाबायला टर्बोला कितीतरी वेगाने फिरावं लागतं, आणि लहान टर्बो मुळातच मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरत असतो. म्हणून कंपनीचा मॅप उंची वाढली की बूस्टची मागणी खाली आणतो. फाइल लिहिताना ती सुधारणा पुसली गेली किंवा वरवर ठेवली गेली, तर पुण्यात वर्षभर काहीच कळत नाही. कळतं ते खार्दुंग ला चढताना.

गाडी 'थोडीशीच' मॉडिफाय केलेली आहे, हे वाक्य इथे नेहमी दिलासा म्हणून येतं. फक्त इनटेक (हवा आत घेणारी नळी) आणि डाउनपाइप (टर्बोमागची धुराची नळी), बाकी सगळं स्टॉक, म्हणजे मूळचं. मला ही अर्धवट अवस्था पूर्ण स्टॉक गाडीपेक्षा जास्त नाजूक वाटते. इनटेकमधून हवा मोजणारा सेन्सर ज्या गाड्यांत आहे, तिथे नळीचा व्यास वाढला की तोच प्रवाह सेन्सरला वेगळा दिसतो. संगणकाला हवा कमी वाटते, तो पेट्रोल कमी सोडतो. दाबावरून हवा काढणाऱ्या गाड्यांत हा घोळ होत नाही, पण कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढलेल्या डाउनपाइपमुळे टर्बोमागचा अडथळा कमी होतो, टर्बो लवकर फिरतो, आणि वेस्टगेटसाठी भरलेले जुने आकडे चुकीचे ठरतात. बूस्ट मागणीपेक्षा क्षणभर वर उसळी मारतो. अशा गाडीवर तयार स्टेज २ फाइल, म्हणजे असे भाग बदललेल्या गाड्यांसाठी लिहिलेली फाइल, टाकणं म्हणजे कुणा दुसऱ्याच्या डाउनपाइपवर, दुसऱ्याच्या इनटेकवर काढलेले आकडे आपल्या इंजिनाला लावणं. एका बाबतीत मी ठाम आहे. गाडीत एकही भाग बदललेला असेल, तर तयार फाइल नको. त्याच गाडीवर लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाच्या नोंदी, घेऊन लिहिलेली फाइल मिळत नसेल, तर रिमॅपच नको.

कॅटबद्दल आणखी एक. कॅट काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, इंजिनाचा दिवा लागतो. म्हणून स्टेज २ फाइलमध्ये ती तपासणी बंद करतात. गाडी मग पीयूसीपर्यंत गप्प राहते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने चाचणी ओळखून वागणं बदलणारं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत घातल्याचं उघड झालं. जगभर सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांचा प्रश्न होता, आणि भारतातही त्या वर्षाअखेर तीन लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याची घोषणा झाली. तेव्हा आपण कंपनीवर चिडलो, आणि ते योग्यच होतं. गाडीमागे स्कूटरवर बसलेल्या मुलाच्या नाकात जाणारा धूर कंपनीने घातलेल्या फाइलचा आहे की मालकाने विकत घेतलेल्या, याने त्या मुलाला काही फरक पडत नाही. कॅट काढण्याला मी कोणत्याही स्टेजवर मान्यता देऊ शकत नाही.

सगळ्यात कमी माहीत असलेली आणि मला सगळ्यात गंभीर वाटणारी गोष्ट आता. पेडल आणि थ्रॉटल यांच्यात वायर उरली नाही तेव्हा एक भीती निर्माण झाली, की संगणक चुकला आणि गाडी आपोआप पळाली तर? त्यावर जर्मन कंपन्यांनी मिळून तीन पातळ्यांची देखरेख ठरवली. पहिली पातळी इंजिन चालवते. दुसरी स्वतंत्रपणे हिशेब करते, की ड्रायव्हरने मागितलेला टॉर्क किती आणि प्रत्यक्षात निघणारा किती. निघणारा जास्त दिसला तर ती इंजिन आवरते. तिसरी पातळी संगणकाचं हार्डवेअर तपासते. रिमॅपने टॉर्क वाढवला की दुसरी पातळी हस्तक्षेप करते आणि गाडी मध्येच दम टाकते. मेहनती ट्यूनर त्या पातळीचे तक्ते नव्या टॉर्कशी काळजीपूर्वक जुळवतो. घाई असलेला ती मर्यादा इतकी वर नेतो की ती असून नसल्यासारखी होते, किंवा इंजिनाचा टॉर्क प्रत्यक्षाहून कमी दाखवणारे आकडे भरतो. टॉर्क कमी दाखवला की डीएसजीलाही तोच खोटा आकडा जातो, आणि तो क्लचवर गरजेपेक्षा कमी दाब ठेवतो. क्लच घसरतो, तापतो, जळतो. मालकाला वाटतं गिअरबॉक्सच कच्चा होता. क्लचचा खर्च पैशाने भरून निघेल. पण संगणक चुकण्याच्या दिवसासाठी ठेवलेली देखरेख कुणी विस्कटली आहे की नाही, हे गाडीत बसलेल्या कुणालाच समजण्याचा मार्ग नसतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना मर्यादा घालतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर नेणाऱ्या बदलांविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. वॉरंटीचं तर सरळ आहे. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत सेवा केंद्राचं यंत्र जोडल्यावर बदललेली फाइल ओळखली गेली, तर त्या गाडीपुढे टीडी१ अशी नोंद पडते, आणि नंतर स्टॉक फाइल परत चढवल्याने ती पुसली जात नाही.

इतकं सांगूनही काही गाड्यांवर रिमॅप करणं समजण्यासारखं आहे. ३२० न्यूटन मीटर कंपनीनेच दिलेली मॅन्युअल सुपर्ब, निरोगी इंजिन, कॅट जागेवर, आणि शेजारी लॅपटॉप घेऊन घाटात बसणारा ट्यूनर असेल, तर त्या कामाला मी बेजबाबदार म्हणणार नाही. कॉम्प्रेशन तपासलेलं असावं, प्लग नवे असावेत, योग्य प्रमाणकाचं ऑइल असावं, ब्रेक आणि टायर आधी सुधारलेले असावेत. मग लॉग पाहावेत, दुपारच्या उन्हात, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर, भरल्या गाडीने चढावर घेतलेले. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी किती अंश मागे जाते, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांत किती अंतर पडतं, पेट्रोलच्या रेलमधला दाब वरच्या फेऱ्यांवर टिकतो का, आत जाणारी हवा किती तापते. एकाच सिलिंडरमध्ये ठिणगी सतत तीन-चार अंश मागे जात असेल, तर ती फाइल त्या गाडीसाठी चुकीची आहे, डायनोवरचा आकडा काहीही असो. लॉग द्यायला नकार देणाऱ्याकडून फाइल घेऊ नये. तीन सिलिंडरच्या १.० लिटर इंजिनावर आणि डीक्यू२०० असलेल्या गाड्यांवर मात्र माझं उत्तर नाही असंच आहे, लॉग कितीही स्वच्छ असले तरी.

आणि मग या गाड्या विकल्या जातात. दोन-तीन वर्षांनी मालकाला नवी हवी असते, डाउनपाइप उतरवून मूळ पाइप बसवला जातो, फाइल कधी परत स्टॉक होते, कधी तशीच राहते. घेणारा बहुतेक वेळा पहिली गाडी घेणारा असतो, कर्ज काढून, घरच्यांना बसवून फिरायला. त्याला सांगितलं जातं, 'एकहाती वापरलेली, सर्व्हिस कंपनीत.' ज्या पिस्टनांनी ठरल्यापेक्षा तीस टक्के जास्त दाब झेलला आणि ज्या क्लचने तो जमिनीपर्यंत पोहोचवला, त्यांचं उरलेलं आयुष्य हा माणूस पूर्ण किमतीला विकत घेतो. जुनी टर्बो गाडी घेणाऱ्याने अधिकृत सेवा केंद्रात यंत्र जोडून संगणकात फाइल कितीदा चढवली गेली ते पाहून घ्यावं, कॅट हाताने चाचपून, डोळ्यांनी बघून खात्री करावी, आणि विकणाऱ्याकडून गाडी कधीही रिमॅप झालेली नाही असं सहीनिशी लिहून घ्यावं. विकणाऱ्याने रिमॅप केलं असेल, तर त्याने तारीख, ट्यूनर आणि फाइलचा तपशील लिहून द्यावा आणि किंमत त्याप्रमाणे कमी करावी.